लोरेन आणि तिची नकोशी चिमणी

परवा पोस्टात लोरेनचं शोकपत्र आलं. इथे माणूस गेलं की जाड कागदाचं रीतसर कार्ड येतं, त्यावर तारीख, वेळ आणि स्मशानात कॉफी किती वाजता तेही असतं. त्याची मला आता सवय झाली आहे. पण या कार्डाच्या कोपऱ्यात एक चिमणी होती. गुबगुबीत, डोळे मिटलेली, लहान मुलांच्या केकवर असते तसली. आणि खाली डचमध्ये लिहिलं होतं, ‘आपली गोड, प्रेमळ कवयित्री’.

मी दारातच उभ्या उभ्या म्हटलं, "शी!"

निखिल, म्हणजे माझा नवरा, आतून ओरडला, "काय गं? उंदीर?"

"चिमणी," मी म्हटलं आणि ते कार्ड ओट्यावर पालथं घातलं.

तिला इथे नातेवाईक नव्हते, त्यामुळे कार्ड वाचनालयातल्या मंडळींनी काढलं होतं. त्यांचा दोष नाही. त्यांना जे माहीत होतं ते त्यांनी छापलं. पण लोरेन गोड नव्हती. प्रेमळ होती की नाही, ते सात वर्षं भिंतीला भिंत लावून राहूनही मला कळलेलं नाही. ती अमेरिकन होती, कवयित्री होती आणि नेदरलँड्समधल्या हार्लेम गावात आमच्या गल्लीतली सगळ्यात घाणेरडी बाई होती. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मग खोटं गोड बोललेलं कसं चालतं, हे मला कुणीतरी सांगावं.

आम्ही पुण्याहून इथे आलो त्याच आठवड्यात मी शेजारधर्म म्हणून तिच्याकडे बेसनाचे लाडू घेऊन गेले. दार उघडलं ते सत्तरीच्या एका उंच, हाडकुळ्या बाईने. अंगात पुरुषाचा स्वेटर, त्यावर अंड्याचा वाळलेला ओघळ. तिने तिथेच एक लाडू फोडून तोंडात टाकला आणि भुवया वर केल्या.

"यात साखर सोडून काय आहे?"

"बेसन, तूप, वेलची," मी म्हटलं. आमचं बोलणं इंग्रजीतच व्हायचं, पण मनातल्या मनात मी तिला अहो-जाहोच करायचे.

"मग साखर त्यांना बोलू का देत नाही? कडू काही करतेस का?"

मला असा राग आला म्हणता! पण दुसऱ्या दिवशी मीही हट्टाने कारल्याची भाजी नेली, चिंच-गूळ न घालता. म्हटलं, घे, खा आता. तिने मला स्वयंपाकघरात नेलं आणि डब्यातली भाजी उभ्याने बोटांनी खाल्ली. शेवटी झाकण चाटलं. तेवढ्यात तिचा बोका, त्याचं नाव जज, ओट्यावर चढून लोणी चाटायला लागला. तिने त्याला कोपराने बाजूला केलं, त्याच लोण्यात सुरी घातली आणि पावाला लावून एक तुकडा माझ्यापुढे धरला.

"शी!" माझ्या तोंडून निघून गेलं.

"काय म्हणालीस?"

मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. तरी सांगितलं, की किळस आली की आम्ही असं म्हणतो. तिने तो शब्द दोनतीनदा घोळवून म्हणून पाहिला. मग खुर्चीत बसून हसली. "चाळीस वर्षं समीक्षकांनी माझ्यावर पानंच्या पानं लिहिली," ती म्हणाली, "पण इतक्या थोडक्यात एकालाही जमलं नाही."

तेव्हापासून तो शब्द तिचा झाला. बातम्या लागल्या की शी. सुपरमार्केटमधला हिवाळ्यातला टोमॅटो हातात घेतला की शी. कुणी तिला ‘हाऊ लव्हली’ म्हटलं की त्या माणसाची पाठ वळायच्या आत शी. आमच्या आईने व्हिडिओ कॉलवर तिला एकदा नमस्कार केला तेव्हा तिने उलट नमस्कार केला आणि आईच्या मागच्या भिंतीवरचं प्लॅस्टिकच्या फुलांचं तोरण बघून शी म्हणाली. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

तिच्या स्वयंपाकघराबद्दल लिहिताना आत्तासुद्धा अंगावर काटा येतो. भांडी ती फेस तसाच ठेवून फडक्याने पुसायची. ते इथे पुष्कळजण करतात, म्हणून ते सोडून देऊ. पण फडकं एकच. त्यानेच शेगडी, त्यानेच जजची वाटी, आणि सर्दी झाली असेल तर नाकही. बाजाराच्या दिवशी ती हेरिंगच्या गाड्यावरून कच्चा मासा आणायची, शेपटीला धरून वर बघत गिळायची आणि राहिलेलं शेपूट जजसाठी सिंकमध्ये टाकायची. ते सिंकमध्ये दोन दोन दिवस असायचं. आमच्याकडे सासूबाई येणार असल्या की आम्ही अंडीसुद्धा मागच्या कप्प्यात लपवतो. तिथे मी रोज संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर अर्धा तास कशी जाऊन बसत होते, देव जाणे.

जात होते ते तिच्या एका सवयीमुळे. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका शोधायच्या आणि पगार घ्यायचा. हे कळल्यावर तिचे डोळे चमकले. मग मी गेले की ती सिंकच्या कडेवर एक हात ठेवायची, डोळे मिटायची आणि कविता म्हणायची. कागद नाही, काही नाही. झाली की डोळे उघडून विचारायची, "चूक सांग."

"मला कवितेतलं काही कळत नाही, लोरेन."

"म्हणून तर तुला विचारते."

आणि कविता कसल्या? न्हाणीच्या जाळीत अडकलेल्या केसांवर. ‘माझे, तुझे, आधीच्या भाडेकरणीचे, पाणी ओढतं, तरी एकमेकांना सोडत नाहीत.’ पेल्यात ठेवलेल्या कवळीवर. ‘आई झोपली की आई हसायला लागते, पाण्यात, एकटी.’ मी शहारून शी म्हणायचे. ती म्हणायची, "बरोबर. आता नाक मुरडून निघून जाऊ नकोस. दोन मिनिटं तिथेच उभी राहा. कविता तिसऱ्या मिनिटाला येते."

मी काही उभी राहायचे नाही. घरी येऊन हात धुवायचे आणि कुकर लावायचे.

ती लिहायची कशावर, हे मी रोज बघत होते आणि तरी मला दिसलं नाही. हेरिंगवाल्याकडच्या खाकी कागदी पिशव्या ती फाडून सपाट करायची, त्यावर पेन्सिलीने मुंग्यांएवढ्या अक्षरात काहीतरी खरडायची आणि स्वयंपाकघराच्या दाराआड ठेवलेल्या बटाट्याच्या पोत्यात टाकायची. मला वाटायचं, सामानाच्या याद्या. टेबलावर काळ्या पुठ्ठ्याच्या बारा वह्या एका ओळीत उभ्या होत्या. कविता त्यात असणार, असं मी धरून चालले होते. एकदा ती म्हणालीसुद्धा होती, "पांढरा कागद पाहुण्यासारखा ताठ बसतो गं, त्याच्यासमोर खरं बोलवत नाही." हे ऐकूनही माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. मला वाटलं, कवी लोक बोलतात असं काहीतरी.

तिच्या संडासातल्या कॅलेंडरबद्दल सांगायलाच हवं. इथल्या लोकांची ही एक तऱ्हाच आहे. ओळखीच्या सगळ्यांचे वाढदिवस लिहिलेलं कॅलेंडर ते संडासात टांगतात, रोज नजरेस पडावं म्हणून. लोरेनने हा एकच डच रिवाज मनापासून उचलला होता. तिच्या कॅलेंडरवर सगळी मिळून पाच नावं होती. एके दिवशी मी आत गेले तर मार्चच्या पानावर सहावं नाव. माधवी. पेन्सिलीने, मुंग्यांएवढ्या अक्षरात.

मी बाहेर आले ती तणतणतच. "लोरेन, तुम्ही माझं नाव संडासात लिहिलंत?"

"मग कुठे लिहू? देव्हाऱ्यात?"

"आमच्याकडे याला अपमान म्हणतात."

"ज्या खोलीत मी रोज एकटी असते आणि खोटं बोलत नाही, तिथे तुझं नाव आहे," ती म्हणाली. "तुझ्या घरात अशी खोली आहे का?"

मी घरी येऊन निखिलला सांगितलं तर तो हसून हसून पडला. म्हणाला, "अगं, सत्कार आहे हा." मला मात्र आठवडाभर अंघोळ करावीशी वाटत होती.

आमच्या मराठी मंडळाच्या वर्षाच्या कार्यक्रमाला तिला नेण्याची बुद्धी मला कुठून झाली कोण जाणे. टिलबर्गहून येणारे आमचे एक सचिव आहेत, उत्साही गृहस्थ. शेजारी खरीखुरी अमेरिकन कवयित्री आहे म्हटल्यावर त्यांनी नेटवर शोधाशोध केली आणि त्यांना ती चिमणीची कविता सापडली. लोरेनने तेविसाव्या वर्षी लिहिलेली. तिकडे ती म्हणे शाळेच्या पुस्तकात होती आणि लोक मयताला वाचतात. आई मरणाला टेकलेली, मुलगी उशाशी बसून तिचा हात हातात घेते, खिडकीत एक चिमणी येते, आई चिमणीकडे बघून हसते आणि प्राण सोडते. मीही वाचली होती. खोटं कशाला बोलू, मी रडलेही होते.

"मॅडम, प्लीज, दॅट स्पॅरो पोएम," सचिव हात जोडून म्हणाले. "व्हेरी टचिंग."

लोरेन व्यासपीठावर गेली आणि तिने न्हाणीच्या जाळीतले केस म्हटले. पुढे कवळी म्हटली. त्यानंतर कोपऱ्यात मरून सुकलेल्या पालीवरची एक होती, तीही म्हटली. समोर सगळ्यांच्या हातात बटाटेवड्याच्या प्लेटा. पहिल्या रांगेतल्या बायकांनी प्लेटा खुर्चीखाली ठेवल्या. कुणीतरी मागून स्पष्ट म्हणालं, "जेवायच्या वेळेला हे काय?" मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. सचिवांनी टाळ्या वाजवल्या, घाईघाईने शाल दिली आणि माईक काढून घेतला. मग एका गृहस्थांनी मातृभूमीवर स्वतःची कविता वाचली. तिच्यात आईचं दूध, मातीचा सुगंध आणि डोळ्यांतलं पाणी होतं, आणि स्वतः गेली वीस वर्षं ते इथल्या कापेल गावात राहतात. लोरेनला त्यातलं अक्षर कळलं नव्हतं. तरी ती माझ्याकडे वाकून मोठ्याने म्हणाली, "शी." तो एकच शब्द सबंध सभागृहाला कळला.

परतीच्या गाडीत मी तोंड फिरवून बसले होते. माझी माणसं, माझं मंडळ, आणि हिने माझी अशी शोभा केली! शेवटी तीच आधी बोलली. शाल तिने मांडीवर घेतली होती आणि तिच्या काठाचे धागे ओढत होती.

"मी त्या खोलीत नव्हते," ती म्हणाली.

"कुठल्या?"

"चिमणीच्या. आई आठ दिवस मरत होती. खोलीत वास यायचा. पू, लघवी आणि त्यावर शिंपडलेलं लॅव्हेंडर. मी दारापर्यंत जायचे आणि तोंड दाबून परत फिरायचे. ती हाका मारायची. माझं नाव घेऊन. मी अंगणात जाऊन उभी राहायचे. ती गेली तेव्हासुद्धा मी अंगणातच होते. चिमणी तिथे होती, माझ्यासमोर, उकिरड्यावर."

मी फिरवलेलं तोंड तिच्याकडे वळवलं.

"मग मी घरी येऊन ती कविता लिहिली. तिला बक्षीस मिळालं. लोक मला पत्रं पाठवतात, की तुमच्यासारखी मुलगी प्रत्येक आईला मिळो." ती खिडकीबाहेर बघत होती. "त्या दिवसापासून मी प्रत्येक घाणीसमोर उभी राहते. सराव म्हणून. एकदा त्या खोलीत जायचं होतं."

"गेलात?"

"वीस वर्षं लागली. मोठी कविता आहे. झाली आहे आता. ओळन् ओळ. पुस्तकाचं शेवटचं पान ती. प्रकाशक हो म्हणालाय, वसंतात द्यायचंय." आणि मग पहिल्यांदाच तिने माझ्या हातावर हात ठेवला. त्या हाताला माशाचा वास येत होता. "ती तुला म्हणून दाखवणार नाही. तिच्यात चूक काढलेली मला सोसणार नाही. छापून आली की वाच."

त्याच वर्षी ऑक्टोबरात ती जिन्यावरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. आधी हॉस्पिटल, मग सहा आठवडे एका पुनर्वसन केंद्रात. जजला खाऊ घालायला किल्ली माझ्याकडे होती.

आता मी जे सांगणार आहे ते लिहिताना मला स्वतःची किळस येते, पण लिहिते. दिवाळी तोंडावर आली होती. रोज त्या घरात शिरायचं, नाकावर रुमाल धरायचा, वाटी भरायची आणि पळ काढायचा. एकदा आईला फोनवर सांगितलं. आई म्हणाली, "अगं, म्हातारी एकटी. परत येईल तर निदान स्वच्छ घरात तरी येऊ दे. हात फिरे तिथे लक्ष्मी वसे. तेवढंच पुण्य." मला ते पटलं. खरं सांगायचं तर पुण्याबिण्याचं काही नव्हतं. सात वर्षं माझे हात शिवशिवत होते, आता ती घरात नव्हती, एवढंच.

शनिवार-रविवार दोन दिवस मी कंबर कसली. सिंक घासला. फडकं चिमट्याने उचलून टाकून दिलं. खिडक्या, फरशी, शेगडी, फ्रिज, सगळं लख्ख. संडासातलं कॅलेंडर काढलं आणि स्वयंपाकघरात चांगल्या जागी टांगलं. टेबलावरच्या बारा काळ्या वह्या तर मी एकेक करून पुसल्या, मऊ कापडाने, हळुवार, आणि उघडून बघितल्या नाहीत, कारण दुसऱ्याचं खासगी लिखाण वाचू नये हे माझ्यावर संस्कार आहेत. काय शहाणपण! दाराआडच्या पोत्याला मात्र मी हात लावताना दोन दोन हातमोजे घातले. वर बटाट्यांना मोड आलेले, खाली माशाच्या तेलकट पिशव्यांचा गठ्ठा, त्यात जजने काहीतरी करून ठेवलेलं. वास असा, की डोळ्यांत पाणी आलं. मी तोंड फिरवलं, श्वास रोखला आणि पोत्याचं तोंड आवळून बांधलं. आत काय आहे ते बघितलं नाही. वर नियमसुद्धा पाळला. तेलकट कागद कागदाच्या डब्यात टाकायचे नाहीत, हे इथे खेमेंटे, म्हणजे आपली नगरपालिका, दर वर्षी पत्रक काढून सांगते. मी ते पोतं कोपऱ्यावरच्या जमिनीखालच्या कचरापेटीकडे नेलं, कार्ड लावलं, झाकण उघडलं, पोतं आत ढकललं. खाली धप्पकन आवाज आला. घरी येऊन मी अभ्यंगस्नान केल्यासारखी अंघोळ केली आणि तिच्या दाराशी एक पणती लावली.

ती परत आली ती डिसेंबरात, काठी टेकत. मी दार उघडून उभी. फराळाचं ताट काढून ठेवलेलं, त्यात मुद्दाम तिखट शेव जास्त. ती आत आली, थांबली, इकडेतिकडे बघितलं.

"हे कुणाचं घर?"

मी हसले. मला वाटलं कौतुक आहे. ती काठी टेकत स्वयंपाकघरात गेली आणि दार ओढून मागे बघितलं.

"पोतं?"

"टाकलं. अहो, केवढी घाण साचली होती त्यात."

"आणि कागद?"

"ते सामानाचे? तेही. वह्यांना धक्का लावलेला नाही, त्या सगळ्या—"

तिने टेबलावरची एक वही उचलून माझ्या हातात दिली. मी उघडली. जजने कुठल्या दिवशी किती वेळा ओकारी काढली, त्याची नोंद. दुसरी उघडली. तिचं ब्लड प्रेशर, सकाळ-संध्याकाळ. बाराच्या बारा वह्या तसल्या.

कविता त्या तेलकट पिशव्यांवर होत्या. दिवसभर मी ऑफिसात पोरांना ओरडते, पुसून टाकायच्या आधी उघडून बघा, एक प्रत ठेवा. आणि मी? मी नाक दाबलं होतं.

ती ओरडली नाही. रडलीही नाही. खुर्चीवर बसली, माझ्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "शी."

सात वर्षं ऐकलेला शब्द. पण माझ्याकडे बघून कधी म्हटला नव्हता.

खेमेंटेला मी फोन केला. पलीकडची मुलगी फार सभ्य होती. म्हणाली, तो कचरा जाळतात, त्याची वीज होते, काहीही वाया जात नाही. मी फोन ठेवला आणि बेसिनमध्ये ओकले. निखिल म्हणाला, "तू मुद्दाम नाही केलंस." मी म्हटलं, "हे वाक्य परत माझ्यासमोर बोलू नकोस." कारल्याची भाजी घेऊन मी तीनदा तिच्या दाराशी गेले. तिन्ही वेळा आत दिवा होता आणि दार उघडलं नाही. चौथ्या वेळी डबा उंबऱ्यावर ठेवून आले. तो तिथेच राहिला.

फेब्रुवारीत एका रविवारी तिने भिंतीवर काठीने ठोकलं. मी धावत गेले.

"टाइप येतं ना?" बस, एवढंच.

मग दर रविवारी मी लॅपटॉप घेऊन तिथे बसायचे. सिंक पुन्हा होता तसा झाला होता. कॅलेंडर संडासात परत गेलं होतं. मार्चच्या पानावर माझं नाव तिने इतकं जोरात खोडलं होतं की कागद फाटून एप्रिल दिसत होता. आम्ही त्याबद्दल बोललो नाही. ती सिंकच्या कडेवर हात ठेवून डोळे मिटायची आणि आठवायची. पण पडल्यापासून, भुलीच्या औषधांपासून, तिचं काहीतरी निसटलं होतं. एक ओळ यायची, दुसरी नाही. आणि तेव्हा एक विचित्र गोष्ट झाली. ती अडली की मला आठवायचं. सगळं नाही. ज्या ज्या ओळीला मी शहारून शी म्हटलं होतं, नेमकी ती ओळ. किळस माझ्या डोक्यात जशीच्या तशी चिकटून बसली होती. सुंदर ओळींपैकी एक आठवेल तर शपथ.

"पालीच्या पोटात काय होतं?" ती विचारायची.

"माशीचा पंख. अजून चमकणारा," मी सांगायचे.

ती मान हलवायची. मी टाइप करायचे. असं करत तेरा कविता जमल्या. पोत्यात साठाच्या वर होत्या.

खोलीची कविता मी ऐकलीच नव्हती. तीन रविवार ती तिच्या मागे लागली. तिसऱ्या रविवारी ती सिंकपाशी कितीतरी वेळ उभी राहिली, ओठ हलले, आणि मग तिने डोळे उघडले. "त्या खोलीत मी एकदाच जाऊ शकले गं," ती म्हणाली. "लॅपटॉप बंद कर."

प्रकाशकाचं उत्तर महिन्याभराने आलं, तेही मीच तिला वाचून दाखवलं. कविता उत्तम आहेत, पण तेरा कवितांचं पुस्तक होत नाही. शेवटी चिमणीची कविता घातली तर बरं होईल. वाचकांना ती ओळखीची आहे. मुखपृष्ठही त्यावरूनच करता येईल.

मी वाचता वाचता थांबले. तळपायाची आग मस्तकात गेली होती. "नाही म्हणून कळवते," मी म्हटलं. "अजिबात नाही. आपण अजून आठवू. मी रजा काढते."

ती जजच्या पाठीवरून हात फिरवत होती. तिचं वय त्या दिवशी मला पहिल्यांदा दिसलं.

"घाल," ती म्हणाली.

"लोरेन, पण ती—"

"शेवटच्या पानावर काहीतरी हवं ना. घाल."

मी घातली. माझ्या हाताने टाइप केली, एकही चूक न करता.

मी तिला शेवटचं पाहिलं ते वाचनालयात, पुस्तकाच्या प्रकाशनाच्या कार्यक्रमात. नंतर ती पुन्हा त्या पुनर्वसन केंद्रात गेली ती शेवटपर्यंत तिकडेच राहिली, भेटायला कुणालाच बोलावलं नाही. हॉल भरला होता. टेबलावर पुस्तकांचा ढीग, प्रत्येकावर तीच ती गुबगुबीत चिमणी. लोरेन व्हीलचेअरवर. कुणीतरी तिला स्वच्छ अंघोळ घालून, केस विंचरून, फिकट निळा ब्लाउज घालून आणलं होतं. ती खरंच गोड दिसत होती. मला बघवेना. मी मागे, कोटांच्या खुंट्यांपाशी उभी राहिले.

तिने केस वाचले, कवळी वाचली. लोक कसेबसे हसले. मग पहिल्या रांगेतली एक बाई म्हणाली, "आणि ती चिमणीची?" सगळीकडून हो-हो झालं.

लोरेनने शेवटचं पान काढलं आणि वाचली. वाईट वाचली असं नाही. फार सुरेख वाचली. आवाज जिथे कापायला हवा तिथे कापला. आईच्या हातात हात, खिडकीत चिमणी, शेवटचं हसू. माझ्या पुढची बाई डोळे पुसत होती, तिच्या नवऱ्याने तिचा खांदा धरला होता. मला पळून जावंसं वाटलं. हात दाराच्या मुठीवर होता. पण मी गेले नाही. उभी राहिले.

टाळ्या थांबेनात. लोक उभे राहिले. तिने पुस्तक मिटलं आणि त्या सगळ्या डोक्यांच्या वरून, खुंट्यांवरच्या कोटांमध्ये मला शोधलं. आवाज कुणालाच ऐकू आला नसता, पण ओठ मला स्वच्छ दिसले.

"शी," ती म्हणाली.

या वेळी तो माझ्यावर नव्हता. माझ्याबरोबर होता. मीही तिथूनच, ओठांनीच, तिला तसंच उत्तर दिलं. मग कुणीतरी सह्यांसाठी तिची खुर्ची वळवली, आणि ती एकेका चिमणीवर पेन्सिलीने आपलं नाव लिहायला लागली.